चार बोटं उघडी खिडकी

मुंबईत थंडी पडली हे मला कधी अंगाने कळलेलं नाही. ते दुसऱ्यांच्या टोप्यांवरून कळतं. एका सकाळी खाली उतरावं तर वॉचमनने माकडटोपी चढवलेली असते, इस्त्रीवाल्याच्या गळ्याला मफलर असतो, आणि एरवी बनियनवर दूध आणायला जाणारे गृहस्थ डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या स्वेटरमध्ये अवघडून चालत असतात. आम्ही बोरिवली पूर्वेचे, डोंगराच्या पायथ्याचे. आमच्याकडे पारा बाकीच्या मुंबईपेक्षा अंमळ खाली असतो, आणि त्याची आम्हाला अशी घमेंड असते जणू तो आम्ही वर्गणी काढून उतरवलाय. सांताक्रूझच्या मावसभावाला मी दरवर्षी फोन करून सांगतो, "तुमच्याकडे कसली रे थंडी! आमच्याकडे ये, खोबरेल गोठलंय बाटलीत." तो येत नाही. मीही बाटली उन्हात ठेवून मोकळा होतो.

सोसायटीच्या ग्रुपवर गुलाबी थंडीच्या कविता फिरू लागतात. या दिवसांत सगळं जग कवी होतं आणि मी हवालदार. मला बंद बाथरूममधून येणारी वाफ आवडत नाही. गॅसचा गीझर असलेल्या घरी गेलो की चहा यायच्या आत मी विचारतो, "हा आत बसवलाय की बाहेर? झरोका आहे ना?" कोणी हौसेने हीटर आणला की मी त्याच्या वायरीचा वास घेतो. लोक हसतात. माझी बायको प्राची त्यांना सांगते, "घेऊ दे त्याला वास. आयुष्यात एकदा घ्यायचा होता तेव्हा चुकीच्या गोष्टीचा घेतला, त्याचं व्याज फेडतोय."

ती बरोबर बोलते. फक्त ज्या गोष्टीचा घ्यायला हवा होता, तिला वासच नव्हता, हे ती सांगत नाही. ते मी सांगतो.

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या डक्टमधून एक वास वर आला आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला. ओवा. तव्यावरचा नाही, भज्यांतला नाही. निखाऱ्यावर टाकलेला ओवा, त्यात किंचित वेखंड, बाळंतशोपा. खालच्या मजल्यावर हर्षदच्या बायकोला मुलगा झाल्याचे पेढे आमच्याकडे आलेच होते. म्हणजे तिथे शेकशेगडी सुरू झाली. वास मोठा गोड असतो. घरात कोणीतरी नवीन आलंय, त्याची टाळू अजून लिबलिबीत आहे, त्याला सगळे मिळून ऊब देतायत, असं सांगणारा. शेजारीपाजारी तो वास घेऊन हळवे होतात. मी मात्र कप ओट्यावर ठेवला. माझ्या मनात एवढंच आलं, की खिडकी उघडी आहे का?

आमची सई जन्मली त्याही साली अशीच थंडी होती. ती आता पहिलीत जाते, मला तोंडावर "बाबा, तू घाबरट आहेस" म्हणते. तेव्हा ती वीतभर होती आणि कापडाच्या गुंडाळीतून फक्त नाक दाखवायची. सासूबाई मालवणहून खास बाळंतपणाला आल्या होत्या. बरोबर अळीव, डिंक, उकडे तांदूळ आणि जुन्या नऊवारीत गुंडाळलेली एक लोखंडी शेगडी. ती शेगडी त्यांच्या चारही बाळंतपणांत त्यांच्या खाटेखाली होती, प्राचीच्या वेळचीसुद्धा. एसटीत ती मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. "कंडक्टर विचारी होतो, आजये, ह्या काय? मी सांगितलंय, माझ्या नातीची ऊब."

आता बाळंतिणीला शेक म्हणजे काय, हे हल्लीच्यांना सांगायला हवं. तेल लावून आंघोळ झाली, की खाटेवर बाळंतीण निजते, खाली शेगडीत निखारे, त्यावर ओव्याची धुरी. मग बाळाला त्याच निखाऱ्यावर तळवा गरम करून शेकवायचं. आमच्याकडे सुंभाची बाज कुठली, पण पट्ट्यांची फोल्डिंगची खाट होती, तिच्यावर भागलं. कोळसा खालच्या इस्त्रीवाल्याच्या गोणीतला. तो आणायचा, गॅसवर जाळी ठेवून लाल करायचा आणि चिमट्याने शेगडीत भरायचा, ही माझी जबाबदारी. बाप झाल्यावर मिळालेलं ते पहिलं खातं. मी ते मोठ्या ऐटीत सांभाळत होतो. एकदा ठिणगीने लुंगीला भोक पडलं तेही मी आल्यागेल्याला दाखवायचो.

आणि तेल लावायला यायच्या गोदामावशी. दहिसरच्या चाळीतून सकाळी नऊला येत. मूळच्या जालन्याकडच्या, साठीच्या आसपासच्या, काटक. हात असे, की सईला पायांवर आडवं घेऊन पाणी ओतायला लागल्या की ती रडायचं विसरून त्यांच्याकडे टकामका बघायची. पहिल्याच दिवशी खोलीत आल्या, चारही भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लाटणं द्या एक."

"कशाला?"

"द्या तर."

लाटणं दिलं. त्यांनी स्लायडिंगची खिडकी चार बोटं सरकवली आणि लाटणं खालच्या खाचेत आडवं घालून टाकलं. आता काच कितीही ढकलली तरी त्या चार बोटांच्या आत येईना. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"अगो बाय, वारो लागतलो बाळंतिणीक!"

"वारं लागलं तर काढा पाजू," मावशी म्हणाल्या. "इस्तवाला बी श्वास लागतो आजी. कोंडला की तो माणसाचा घेतो."

शेवटी तह झाला. खिडकी उघडी राहील, पण तिच्यावर जाड चादर टांगायची, म्हणजे वारा थेट येणार नाही. चादर टांगली. लाटणं खिडकीत अडकल्यामुळे सासूबाई पुढे रोज बाटलीने पोळ्या लाटत आणि प्रत्येक पोळीला मावशींचा उद्धार करत. पोळ्यांचे आकार बघता तो रास्त होता.

इथपर्यंत मी निर्दोष आहे. पुढचं सगळं माझं.

माझ्या संशयाला सुरुवात झाली ती सईच्या झोपेपासून. आंघोळ, शेक, गुटी झाली की ती पोर तीन-तीन तास हलायची नाही. घरातल्या बायका म्हणायच्या, मावशींच्या हाताला गुण आहे. मी पहिलटकर बाप, हातात मोबाइल. शोधलं. पूर्वी म्हणे मुलं शांत निजावीत म्हणून गुटीत अफूचा कण उगाळत. बस्स. त्या क्षणापासून मला मावशींच्या कमरेच्या पिशवीत अफू दिसू लागली.

तेल लावून, न्हाऊ घालून, पोट भरलेलं महिन्याच्या आतलं मूल झोपतंच, हे मला कोणीही सांगितलं असतं. पण मी विचारलं नाही. संशय आलेला माणूस कोणाला विचारत नाही, तो नजर ठेवतो. मी स्वयंपाकघरात निखारे लाल करता करता नजर ठेवू लागलो. मावशी पिशवीतून काहीतरी काढून तोंडात टाकतात. (मिश्री.) मावशी सहाणेवर काहीतरी उगाळताना ओठ हलवतात. (वेढे मोजत होत्या, हळकुंडाचे तीन, जायफळाचा एक.) मावशी माझ्याकडे बघत नाहीत. म्हणजे नक्कीच. मावशी माझ्याकडे बघतात. मग तर खात्रीच.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांची ती खिडकी. काम संपवून खाली गेल्या, की गेटजवळ थांबून त्या वर बघायच्या. थेट आमच्या बेडरूमच्या खिडकीकडे. डोळ्यांवर हात धरून, नीट निरखून. मी गॅलरीतल्या कपड्यांआडून त्यांना बघायचो. त्या कशाला बघतात? कोणाला दाखवतात? तिसऱ्या मजल्यावरच्या चार बोटांच्या फटीतून काय नेता येतं, याचा मी गंभीरपणे विचार केला होता. सईचे चांदीचे वाळे जातात. मी मोजपट्टी लावून पाहिलंय.

आज विचार करताना एक गोष्ट दिसते. त्याच घरात सासूबाई होत्या, इस्त्रीवाला होता, दुधात पाणी घालणारा भय्या होता, आणि रोज साडेदहाला कुरियर घेऊन येणारा एक अत्यंत संशयास्पद मिशीचा माणूस होता. मला त्यांच्यातल्या कोणाचा संशय आला नाही. संशय पाण्यासारखा असतो, उतार बघून वाहतो. चाळीतून आलेली, चप्पल दाराबाहेर काढून अनवाणी आत येणारी, हातात पैसे देताना 'मोजून घ्या' म्हटलं तरी न मोजणारी एक बाई त्याला उताराची वाटली.

थंडी वाढली. एके दुपारी सासूबाई म्हणाल्या, "तुमी जरा बघा हो त्या खिडकेचा. पोरीचा नाक थंडगार लागता." मला एवढंच निमित्त हवं होतं. मावशी गेल्यावर मी चादरीमागे शिरलो, लाटणं काढलं, काच घट्ट बंद केली. ती बंद राहावी म्हणून चारही कडांना ऑफिसची तपकिरी चिकटपट्टी लावली. रुंद, लाल अक्षरांत कंपनीचं नाव छापलेली, पार्सलं बांधायची. आता मी काम हातात घेतलं की अर्धवट सोडत नाही, हा माझा जुना दोष आहे. खिडकीच्या वर विंडो एसीसाठी ठेवलेला चौकोन होता, त्यातून कबुतरं डोकावायची. तोही थर्माकोल कापून बसवला आणि पट्टी मारली. खोलीच्या दाराखाली सासूबाईंनी आधीच पायपुसणं सारलेलं होतं. चादर परत सोडली. लाटणं कपाटावर लपवलं. मागे सरून पाहिलं आणि स्वतःला शाबासकी दिली. लेकीच्या खोलीत आता मुंगीसुद्धा माझ्या परवानगीशिवाय शिरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेकानंतर प्राची म्हणाली, "डोकं दुखतंय रे. जड झालंय."

"मावशीने काय दिलं तुला?" मी विचारलं.

"काही नाही. शेक दिला."

मावशीही त्या दिवशी कपाळ चोळत होत्या. जाताना गेटजवळ थांबल्या नाहीत, वर पाहिलं नाही, डोकं धरून सरळ चालत्या झाल्या. मी कपड्यांआडून समाधानाने मान हलवली. खिडकी बंद झालेली कळली बाईला, चोर वरमला. माझी तर्कशक्ती तेव्हा अशी धावत होती.

त्यापुढच्या दिवशी प्राचीला मळमळलं. सई दूध प्यायला उठेना, उठवली तरी दोन घोट घेऊन मान टाकायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी मिरच्यांचा वास आला की नाही ते न बघता मनात म्हटलं, उद्या. उद्या रंगेहाथ पकडायचं.

तिसऱ्या दिवशी मी घरून काम करतो असं सांगून लॅपटॉपसह त्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची टाकली. प्राची म्हणाली, "इथे? शेकाच्या वेळी? अरे, बाहेर बस ना."

"इथे नेट चांगलं येतं."

"साहेबांना बसू द्या," मावशी म्हणाल्या. "बापाला बी कळू दे पोर कसं जपतेत."

मला ते बोलणंही संशयास्पद वाटलं.

त्या पाऊण तासाचं मला जे आठवतं ते फार सुंदर आहे, आणि हेच त्यातलं भीषण आहे. निखारे मीच नेऊन ठेवले होते, नेहमीपेक्षा दोन जास्त, थंडी वाढली म्हणून. धूर म्हणाल तर नावालाही नाही, फक्त ओवा टाकला की एक निळसर रेघ. खाटेवर प्राची पाठ करून निजलेली. तिचे ओले केस, खोबरेलाचा वास. मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या, सई पायांवर. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, आपण लहान आहोत, गावी आहोत, चुलीपुढे बसलोय, पाऊस आहे, उद्या शाळा नाही. पडद्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. कानशिलात घण पडत होते, पण ते शेजारच्या घरात पडत असावेत. मावशींनी गुटीच्या सहाणेकडे बोट नेलं. आता! मी स्वतःला म्हटलं, आता ऊठ, पकड तिला. मी उठलो. म्हणजे मी उठलो असं मला वाटलं. प्रत्यक्षात माझे गुडघे वाकले आणि मी लॅपटॉपसकट शेगडीच्या बाजूला जमिनीवर बसलो.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग निखाऱ्यांकडे. मग मान वर करून चादरीकडे.

"चादर हलंना कामून?" त्या पुटपुटल्या.

चादर रोज हलायची. फार नाही, झोपलेल्या माणसाच्या छातीएवढी. ती थांबलीये हे घरात फक्त त्यांनाच दिसू शकत होतं, कारण बाकी आम्ही कोणी कधी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. त्या धडपडत उठल्या, भिंत धरून गेल्या, चादर ओढून खाली पाडली. पट्टी पाहिली. दातांनी पट्टीचं टोक सोडवलं आणि दोन्ही हातांनी ती फरफर ओढली, काच सरकवली, दार उघडून ओरडल्या, "आजी! पोरीला घ्या! बाहेर घ्या, जिन्यात न्या!" प्राचीच्या काखेत हात घालून तिला उठवली. मला पायाने ढोसलं. "साहेब, रांगा. रांगत बाहेर निघा."

मी रांगत बाहेर निघालो. माझी मुलगी जिन्यात सासूबाईंच्या हातांत होती, आणि रडत नव्हती. तिची मान कापडासारखी लोंबत होती. सासूबाई तिला हलवत होत्या, "गो बाय माझे, गो बाय" करत होत्या. लिफ्टच्या जाळीतून खालून गार वारा येत होता. मी चार पायांवर उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ कसलाही संशय नव्हता. मला कारण माहीत होतं.

मावशींनी सईचे तळपाय चोळले, एकदा, दोनदा, टिचकी मारली. आणि ती रडली. आधी मांजराच्या पिल्लासारखं, मग दोन मजले ऐकू जाईल असं. त्यानंतर पोरगी पुष्कळ रडलीये, मॉलमध्ये, लग्नांत, माझ्या बॉसच्या घरी. मी तिला कधी गप्प केलेलं नाही.

रिक्षाने दवाखान्यात गेलो. सईच्या डोक्याभोवती ऑक्सिजनचा पारदर्शक टोप लावला, प्राचीला मास्क. मलाही थोडा वेळ दिला, तो मी अत्यंत लाजत घेतला. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "घरात कोळसा पेटवता का?"

"थोडासाच," मी म्हटलं. "धूर अजिबात नव्हता हो."

"धूर असता तर बरं झालं असतं. खोकत बाहेर तरी आला असतात. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. माणसाला वाटतं नुसतीच झोप आलीये." मग त्यांनी विचारलं, "खोलीत खिडकी नव्हती?"

सासूबाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं. "ता त्या बायचा काम! तिनाच शेगडी कोंडून ठेवली आसतली. माझी चार बाळंतपणा झाली याच शेगडीवर, कोणाक काय झाला नाय."

इथे मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि मास्क नीट केला.

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या चार बाळंतपणांत त्या शेगडीने कोणाचं काही बिघडवलं नाही, कारण त्या घराला कौलं होती. घर वरून श्वास घ्यायचं. शेगडी एसटीने बोरिवलीला आली, कौलं मालवणातच राहिली. ही गोष्ट जालन्याहून दहिसरला आलेल्या एका बाईच्या पहिल्या नजरेत आली होती. तिने कौलांच्या ऐवजी लाटणं मागितलं होतं.

सासूबाईंनी मावशींना फोनवरून कळवून टाकलं, की उद्यापासून यायची गरज नाही. मी शेजारीच होतो. तेव्हाही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी उत्तम आहे, उद्या घरी न्या. मी आनंदाने चहा प्यायला खाली उतरलो, तर फाटकाजवळच्या बाकावर गोदामावशी. मांडीवर डबा. वर जायची परवानगी नाही म्हणून सकाळपासून तिथेच बसलेल्या.

"पोर दूध पिते का?" त्यांनी विचारलं.

"पिते."

"डोळं उघडून पिते का मिटून?"

"उघडून."

"मग झालं." त्या डबा माझ्या हातात देऊन उठल्या. "अळिवाचे लाडू हायत. आजीला सांगू नका कुणी दिले."

"मावशी, तुमचं डोकं?"

"दुखतंय की. तीन दिस झाले." म्हणजे त्या सोंग करत नव्हत्या. तीन दिवस त्याही माझाच वायू पीत होत्या, आणि दुपारी आणखी दोन घरची बाळं न्हाऊ घालत होत्या.

मी म्हटलं, "मावशी, ती खिडकी..."

त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला. ज्या पिशवीत मी महिनाभर अफू पाहत होतो, तिच्यातून त्यांनी एक गोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चुरगाळलेली तपकिरी चिकटपट्टी. लाल अक्षरांतलं माझ्या कंपनीचं नाव त्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाचता येतंय मला. सातवी झालीय."

"मग काल बोलला का नाही? सगळे तुम्हाला..."

"बाळंतिणीसमोर नवऱ्याची लाज काढत नसतेत, साहेब. दूध आटतं." मग त्या म्हणाल्या, "आन चूक माझी बी हाय. तीन दिस म्या चादर सारून पाहिली न्हाई, डोकं दुखतंय म्हनून गेटातनं फट बी बघितली न्हाई. लाटणं घातलंय म्हनून निर्धास्त राहिले. कुणाच्या भरवशावर राहिले म्या?"

चहा राहिला. वर गेलो आणि तो गोळा प्राचीच्या पांघरुणावर ठेवून सगळं सांगितलं. अफूपासून मोजपट्टीपर्यंत. सासूबाई ऐकत होत्या. त्या एक अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि मालवणी बाई गप्प बसते तेव्हा तिच्यापुढे उभं राहणं किती कठीण असतं हे जो जावई झालाय त्यालाच कळेल. प्राचीने तो गोळा उलगडून त्यावरची अक्षरं वाचली. मग म्हणाली, "तू महिनाभर तिच्यावर डोळा ठेवून होतास. त्यातला एक दिवस जरी माझ्याकडे ठेवला असतास ना, तर माझं डोकं दुखतंय हे तुला ऐकू आलं असतं."

संध्याकाळी सासूबाई स्वतः रिक्षा करून दहिसरला गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनी कधी सांगितलं नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी नऊला हजर होत्या. डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत कोळसा नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे शेगडी उघड्या गॅलरीत गेली. शेक गरम पाण्याच्या पिशवीने. लाटणं मात्र मावशींनी परत मागितलं. मी ते कपाटावरून काढून दिलं. मला शोधावं लागत नाही, हात सरळ तिथेच जातो, हे पाहून सासूबाईंनी जो एक कटाक्ष टाकला तो मी अजून बाळगून आहे.

ते लाटणं आजही त्या खिडकीत आहे. उन्हाने वरची बाजू पांढुरकी झालीये. पाहुणे विचारतात, सई सांगते, "ते बाबाचं आहे."

तर परवा तो ओव्याचा वास आला. मी हर्षदकडे लगेच गेलो नाही, मी सुधारलोय. मी आधी खाली जाऊन गेटजवळ उभा राहिलो, डोळ्यांवर हात धरला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बेडरूमची खिडकी निरखू लागलो. उन्हाने काच चमकत होती, फट दिसेना. सरकत सरकत तीन जागा बदलल्या. माकडटोपीतला वॉचमन शेजारी येऊन उभा राहिला आणि तोही वर बघू लागला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "साहब, उधर लेडीज लोग है," तो म्हणाला. त्याच्या नजरेत माझ्या ओळखीची एक गोष्ट होती. तीच मी गॅलरीतल्या कपड्यांआडून महिनाभर वापरली होती.

काल मात्र राहवेना. नवीन लाटणं आणलं, शिसवीचं, चांगलं जड, आणि सकाळी हर्षदची बेल दाबली. त्याने दार उघडलं. पहिलटकर बाप, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर दुपटं. माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "काका, हे काय?"

"बाळाला आणलंय."

"लाटणं?"

"खिडकीसाठी. शेगडी कुठे ठेवता रे तुम्ही?"

त्याचा चेहरा आक्रसला. "काका, वॉचमन म्हणत होता तुम्ही काल खालून आमच्या..."

एवढ्यात आतून पदर खोचलेली एक बाई आली. तिशीची, हात कोपरापर्यंत तेलाने चमकणारे. तिने हर्षदच्या खांद्यावरून आधी लाटणं पाहिलं, मग मला.

"तिसऱ्या मजल्यावरचे का तुमी?" तिने विचारलं. "पट्टीवाले?"

मी होकारार्थी मान हलवली.

"गोदाबाईची सून मी. त्यांचे गुडघे गेले, आता मी येते कामाला." तिने मला हातानेच आत बोलावलं. "या. बघून घ्या, म्हणजे जिवाला बरं वाटेल."

शेगडी गॅलरीत होती, आभाळाखाली. त्यावर एक फडकं ऊब घेत होतं. ते गरम झालं की उचलून आत न्यायचं, शेकायचं. निखारा उंबऱ्याच्या बाहेरच. खोलीत पडदा बाजूला सारलेला होता, खिडकी चार बोटं उघडी, आणि खाचेत लाकडाची एक फळी आडवी घातलेली. खाली ते पोर मुठी आवळून छताकडे बघत होतं.

"माझ्या सासूबाईंनी शिकवलंय," ती म्हणाली. "कोणाच्या बी घरी गेलं, की पहिलं काम पडदा सारून बघायचं. रोजच्या रोज. काल उघडी होती म्हणून आज असंल असं धरायचं नाही."

"बरोबर," मी म्हणालो.

"आन दुसरं," ती फडकं उलटं करत म्हणाली, "घरातला बापमाणूस काळजी करायला लागला, की त्याच्या हातात काय हाय ते बघायचं."

हर्षद माझ्या हाताकडे बघू लागला. मी लाटणं पाठीमागे नेलं.